बाळसं, कणगी आणि बारीक माणसांचा मेद

२००४ सालच्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातले वजन, अगदी दशांश चिन्हापर्यंत सारखा : २२.३. दोघेही सडपातळ म्हणावेत असे. मग दोघांच्या शरीरातला मेद यंत्राने मोजला गेला. युडकिन यांच्या वजनात मेदाचा वाटा निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या वजनात २१.२ टक्के.

छायाचित्राखालच्या मजकुरात दोघांनी स्वतःची थोडी थट्टा करून घेतली आहे. युडकिन नेमाने मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी धावत जाऊन ती गाठणे, असे तिथे सांगितले आहे. त्याच मजकुरात पुढे जाता जाता एक वाक्य येते : याज्ञिकांचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते. वाचणारा विनोदावर हसून पुढे जातो, पण या लेखाचा सगळा विषय त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

मी डॉक्टर नाही. अनेक वर्षे एका विमा कार्यालयात नवीन प्रस्ताव तपासण्याचे काम केले. प्रस्तावासोबत डॉक्टरांचा तपासणी अहवाल येई. त्यात उंची, वजन, छातीचे माप आणि पोटाचा घेर असे चार आकडे असत. वजन तक्त्यात बसले की पुढचे काम सोपे. पोटाच्या घेराकडे मात्र कोणी फारसे पाहत नसे. हा तक्ता कोणी केला, कोणाची शरीरे मोजून केला, हा प्रश्न माझ्या डोक्यात तिथे शिरला आणि नोकरी सुटल्यावरही राहिला. त्यातून गेली काही वर्षे ग्रंथालयांत बसून, जमेल तिथून शोधनिबंध मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचत आले, ते इथे मांडते आहे.

तक्त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याला ताऱ्यांइतकाच ‘सरासरी माणूस’ शोधण्याचा ध्यास होता. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने १८३० च्या दशकात मांडले. त्याला लठ्ठपणाशी काही देणेघेणे नव्हते. पुढे अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४० च्या दशकात आपल्या विमेदारांच्या नोंदींवरून ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. ती मापे कपडे-बूट घालून घेतलेली, आणि विमा परवडणाऱ्या लोकांची. १९७२ मध्ये अन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापे तपासली, केटलेचे जुने सूत्र त्यांना सगळ्यांत कामाचे वाटले आणि त्याचे त्यांनी ‘बॉडी मास इंडेक्स’ असे नामकरण केले. त्या पाच देशांत भारत नव्हता आणि त्या ७,४०० जणांत एकही बाई नव्हती. आज आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात भिंतीवर लावलेल्या रंगीत तक्त्याची ही वंशावळ.

सूत्रात चूक अशी काही नाही. किलोग्रॅममधले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढेच ते सांगते. हाड किती, स्नायू किती, मेद किती आणि तो कुठे साठला आहे, हे त्याला विचारूच नये. पण आपण विचारतो, आणि उत्तर मिळाले असे समजून घरी येतो.

*

याज्ञिकांच्या छायाचित्राआधी बरीच वर्षे पुण्यात एक काम सुरू झाले होते. आपल्याकडचे मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाशी जुळत नाहीत, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. ते वयाने दहा-दहा वर्षे लहान असत आणि वजनानेही कमी. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर त्याच सुमारास सांगत होते की, जन्मतः कमी वजनाच्या बाळांना पुढे प्रौढपणी हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. मग कमी वजनाची बाळे जिथे सर्वाधिक जन्मतात, तिथेच पाहायला हवे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएमच्या लोकांनी साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्या सोबतीने ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा अभ्यास उभा केला.

त्याची पद्धत वाचताना मला फार आदर वाटला. मुले होण्याच्या वयातल्या विवाहित बायकांची मापे गरोदर राहण्याआधीच घेऊन ठेवायची, पाळीची नोंद ठेवायची, दिवस गेले की गरोदरपणात काय खाल्ले, किती काम केले हे विचारायचे आणि बाळ झाले की लगेच त्याला मोजायचे. सुमारे आठशे गरोदरपणे अशी पाहिली गेली. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलोंच्या आत, बीएमआय १८.१. गरोदरपणात दिवसाला सतराशेच्या आसपास उष्मांक पोटात जात आणि शेतातले, पाण्याचे, सरपणाचे काम चालूच असे.

या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. यात नवल काही नव्हते. बारीक आईचे बारीक बाळ, असे कोणीही म्हणेल. पण बाळाचे वजन करून थांबायचे नाही असे ठरलेले होते. डोक्याचा घेर, लांबी, दंड, पोट आणि खांद्याच्या पात्याखाली कॅलिपर नावाच्या चिमट्यात धरलेली त्वचेची घडी, अशी सगळी मापे घेतली गेली. ती इंग्रज बाळांच्या मापांशेजारी ठेवल्यावर दिसले की या खेड्यांतले बाळ म्हणजे इंग्रज बाळाची सरसकट लहान प्रत नाही. सगळ्यांत मोठी तूट पोटाच्या घेरात होती, म्हणजे यकृतासारख्या आतल्या अवयवांत. त्याखालोखाल दंडात, म्हणजे स्नायूंत. डोके आणि लांबी यांतली तूट त्याहून कमी. आणि पाठीवरच्या त्या चिमटीत, म्हणजे मेदात, तूट सगळ्यांत कमी होती. आईच्या पोटात टंचाई असताना बाळाने स्नायूंना कात्री लावली, अवयवांना लावली, मेंदूला शक्यतो धक्का लागू दिला नाही आणि मेद जवळजवळ सांभाळून ठेवला. २००३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्या बाळाला जे नाव दिले गेले त्याचे मराठी ‘बारीक-मेदयुक्त’ असे काहीतरी करता येईल. बोलीत मला ‘काडीचे पण चरबीचे’ असे म्हणावेसे वाटते.

आपल्या भाषेत तान्ह्या मुलाच्या या मेदाला स्वतंत्र शब्द आहे : बाळसं. बाळाने बाळसं धरले की घरात समाधान पसरते. बाळसं ओसरले की आजी चुलीवरून डोके वर करून विचारते, याचं अंगाला का लागत नाही? गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धांत गुटगुटीत मुलाला बक्षीस मिळे. बाळाला मेद लागतो हे खरेच आहे. माणसाचे पिल्लू हे इतर बहुतेक प्राण्यांच्या पिल्लांपेक्षा जास्त मेद घेऊन जन्मते आणि वाढत्या मेंदूला त्या साठ्याचा आधार असतो. तेव्हा आजीची नजर चुकीची नव्हती. फक्त वजनाचा काटा जिथे ‘सुकडा’ म्हणत होता, तिथे आत काय चालले आहे हे ना काट्याला दिसत होते ना आजीला.

पुढे नवजात बाळांचे एमआरआय काढून पुणे आणि लंडनची तुलना झाली. पुण्याची बाळे लहान होती. तरी त्यांच्या पोटाच्या आत आणि पोटाच्या भिंतीत मेद जास्त निघाला, आणि बाकीच्या अंगावर त्वचेखाली कमी.

*

इथे एक प्रश्न येतो. जास्त मेद असला तर बिघडले कुठे? तो पडून राहणारा माल आहे, असेच मलाही शाळेत शिकवले होते. चरबी म्हणजे ऊर्जेचा साठा आणि थंडीपासून बचाव.

हे चित्र बदलले ते एका उंदरामुळे. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ च्या उन्हाळ्यात एक अतिशय लठ्ठ उंदीर जन्मला. तो सतत खात असे. त्याच्या वंशात काहीतरी उणे आहे हे कळत होते, पण काय ते सापडायला पंचेचाळीस वर्षे लागली. मध्ये डग्लस कोलमन यांनी असे लठ्ठ उंदीर आणि साधे उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, तेव्हा साध्याचे रक्त मिळताच लठ्ठ उंदीर कमी खाऊ लागला. म्हणजे रक्तातून कसला तरी निरोप जात होता. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांनी तो निरोप शोधला. त्याला बारीक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव दिले. आणि तो पाठवणारी कोण, तर ती मेदपेशी. मेंदूला ती कळवत असते की कोठारात माल किती आहे. पाठोपाठ अमेरिकेत आणि जपानमध्ये मेदपेशीतूनच निघणारे आणखी एक संप्रेरक हाती लागले, ॲडिपोनेक्टिन. त्याचा स्वभाव उलटा. मेद वाढला, विशेषतः पोटातला, की ते कमी होते. ते भरपूर असले की इन्शुलिनचे काम सुरळीत चालते.

म्हणजे मेद हे कोठार आहे आणि कोठीवरचा कारकूनही. सतत हिशेब लिहून वर पाठवणारा. आणि तो नसेल तर काय होते हेही डॉक्टरांनी पाहिले आहे. काही दुर्मीळ आजारांत अंगावर मेद धरतच नाही. अशी माणसे पैलवानासारखी पिळदार दिसतात आणि त्यांना तीव्र मधुमेह असतो, कारण खाल्लेली चरबी ठेवायला जागा नसल्याने ती यकृतात जाऊन बसते. त्यांना लेप्टिनची इंजेक्शने दिली की सुधारणा होते. मेद वाईट, असे एका वाक्यात सांगणाऱ्या सगळ्या आहारगुरूंनी हा एक आजार वाचावा असे मला फार वाटते.

आता पुण्याच्या बाळांकडे परत. जन्मावेळी नाळेतले रक्त घेऊन ही संप्रेरके मोजली गेली. लंडनच्या बाळांपेक्षा पुण्याची बाळे अर्ध्या किलोहून अधिक हलकी, तरी त्यांचे लेप्टिन लंडनइतकेच. त्यांचे इन्शुलिन जास्त. ॲडिपोनेक्टिन कमी. ज्याने अजून आईचे दूधही प्यालेले नाही, त्या जिवाच्या रक्तात पन्नाशीतल्या माणसाच्या दुखण्याची अंधुक नोंद! जिलबी, वडापाव, बैठे काम, मोबाइल यांपैकी कशालाही इथे दोष देता येत नाही.

हेच मोठ्या माणसांत दिसते. कॅनडामध्ये दक्षिण आशियाई, चिनी, युरोपीय वंशाचे आणि तिथले आदिवासी अशा सुमारे बाराशे लोकांची तुलना झाली. दक्षिण आशियाई लोकांत लेप्टिन सर्वांत जास्त आणि ॲडिपोनेक्टिन कमी. त्यातही ॲडिपोनेक्टिन जेवढे घटते तेवढ्याच घटीने त्यांच्या इन्शुलिनच्या कामात युरोपीयांपेक्षा जास्त अडथळा येतो.

असे का व्हावे, याचे मला पटलेले स्पष्टीकरण कणगीचे आहे. शास्त्रज्ञ कणगी म्हणत नाहीत. कॅनडाचे ॲलन स्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते मांडले, त्यात साठ्याच्या कप्प्यांची भाषा आहे. पण आपल्याला कणगी बरी. त्वचेखाली वरच्या थरात, मांड्यांवर, नितंबांवर मेद साठवायची जागा ही घरातली मुख्य कणगी. तिथले धान्य निरुपद्रवी. ज्याची कणगी मोठी, त्याला चार पोती जास्त आली तरी चिंता नाही. ज्याची लहान, त्याची ती लवकर भरते. मग धान्य ओटीवर सांडते, माजघरात येते, देवघरात शिरते. शरीरात ही देवघरे म्हणजे यकृत, स्नायू, स्वादुपिंड. या मांडणीनुसार दक्षिण आशियाई माणसाची वरची कणगी मुळात लहान असते. कॅनडातच झालेल्या आणखी एका अभ्यासात १०८ निरोगी माणसांच्या मेदपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दक्षिण आशियाईंच्या पेशी युरोपीयांपेक्षा मोठ्या, फुगलेल्या होत्या, आणि यकृतात मेद जास्त. कणगी ठासून भरल्याची ही खूण. फुगलेली पेशी ॲडिपोनेक्टिन कमी करते, हेही इथे जुळते.

उलटी बाजू पाहायची तर जपानचे सुमो मल्ल. शंभर-दीडशे किलोंचे देह, पण सरावात असेपर्यंत त्यांचा बराचसा मेद त्वचेखाली असतो आणि पोटाच्या आत फार कमी. कुस्ती सोडली की चित्र बिघडते.

*

जगात सगळ्यांची गोष्ट एकसारखी नाही, हे सांगायला मी प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांचे उदाहरण देईन. तिथल्या लोकांत लठ्ठपणा फार. २०१६ मध्ये तिथे एका जनुकाचा, त्याचे नाव सीआरईबीआरएफ, असा एक प्रकार सापडला ज्याचा सामोअन लोकांच्या एकूण जनुकसाठ्यात सुमारे पाव वाटा आहे आणि जो बाकी जगात जवळजवळ नाहीच. त्याने वजन वाढते. एका बाजूच्या पालकाकडून तो आला तरी बीएमआय सव्वा अंकाहून अधिक वाढतो. आणि तोच प्रकार असलेल्यांना मधुमेह मात्र कमी होतो! मोठी कणगी. आपल्याकडे बारीक अंगात मधुमेह, तिकडे जाड अंगाला त्यापासून थोडे संरक्षण. एकच तक्ता दोघांना लावायचा कसा?

पण जनुकांनी सगळे ठरते असे म्हणायला जावे तर अ‍ॅरिझोनाचे पिमा लोक आडवे येतात. त्यांचे भाईबंद मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा या गावी राहतात. दोघांची जनुके जवळची. डोंगरातल्या पिमांत मधुमेह ६.९ टक्के, अ‍ॅरिझोनाच्या राखीव वस्तीतल्या पिमांत ३८ टक्के. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांनी हीला नदीचे पाणी वरच्या वर वळवले, पिमांची शेती वाळली आणि सरकारी शिध्यावर दिवस काढणे त्यांच्या नशिबी आले. ‘पिमांना मधुमेहाची जनुके आहेत’ हे वाक्य लिहिताना ही नदी वगळता येत नाही.

जनुकांची बाजू पहिल्यांदा जोरकसपणे मांडली ती जेम्स नील यांनी, १९६२ मध्ये. दुष्काळात तग धरणाऱ्या, साठवणीत काटकसरी असणाऱ्या जनुकांनी माणसाला वाचवले आणि सुबत्तेत तीच उलटली, असा त्यांचा तर्क. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, निकोलस हेल्स आणि डेव्हिड बार्कर यांनी म्हटले की काटकसर जनुकात नाही, गर्भात शिकवली जाते. आईकडून येणारी रसद कमी, तर बाळ त्याच जगाची तयारी करून येते.

आपल्याकडे हल्ली एक तिसरी गोष्ट लोकप्रिय आहे : इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळांनी भारतीयांना मधुमेही केले. १८७६-७८ आणि १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनी दख्खनचे जे केले ते वाचून रक्त तापते, आणि म्हणूनच हे स्पष्टीकरण मनाला भावते. पण एका दुष्काळातून शंभर वर्षांनंतरच्या पणतवंडांच्या मेदपेशीपर्यंत धागा जोडणारा पुरावा त्यात दाखवला जात नाही. इतक्या भव्य खलनायकाची मला गरजही वाटत नाही. ४२ किलोंची आई, तिची तशीच आई आणि तिचीही तशीच आई, ही साखळी पुरेशी आहे. ती इंग्रज गेल्यावर तुटली असेही नाही.

त्या साखळीची चिवटता एका दूरच्या ठिकाणी मोजली गेली आहे. १८७३ पासून बिहार आणि संयुक्त प्रांतातून मजूर जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला नेले गेले. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नवजात बाळांची मापे पारामारिबो शहरात घेतली तेव्हा तीही तशीच निघाली : वजनाने कमी, मेद सांभाळलेला. देश बदलला, खाणे बदलले, पिढ्या गेल्या, तरी बाळ तसेच. जनुकवाले याला आपला पुरावा म्हणतात, गर्भवाले आपला. मला वाटते दोन्हींचा वाटा आहे आणि दोघांना वेगळे करणे भांडणाऱ्यांना वाटते तेवढे सोपे नाही.

इथे एक आडवळण घेते, कारण ते मराठी वाचकाला जवळचे आहे. लोकसमूहांची शरीरे मोजण्याच्या शास्त्राचा भूतकाळ फार काळा आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या त्या ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करायला. गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू असमान असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, असे काहीसे त्यांच्याकडून सिद्ध व्हायला हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. हा प्रसंग मी या विषयावर वाचताना वारंवार आठवते. ‘दक्षिण आशियाई’ हा शब्द शोधनिबंधात येतो तेव्हा त्यात कोकणातला कोळी, पंजाबातला जाट आणि ढाक्याचा विणकर एकत्र कोंबलेले असतात. ती सोयीची पिशवी आहे, वंश नव्हे. आणि सरासरीतला फरक हा प्रत्येक माणसातला फरक नसतो. पुण्यातही मॅरेथॉन धावणारे आहेत आणि लंडनमध्येही लिफ्टसाठी धावणारे.

तरी सरासरीचा फरक नाकारणेही परवडत नाही. लंडनच्या साउथॉल भागात १९९१ च्या एका मोठ्या पाहणीत चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांचे बीएमआय जवळपास सारखे असूनही दक्षिण आशियाईंत मधुमेह १९ टक्के आणि युरोपीयांत ४ टक्के निघाला. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे पंधरा लाख लोकांच्या नोंदींवरून उलटा हिशेब केला गेला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जो धोका असतो, तो कोणाला कितीवर गाठतो? कृष्णवर्णीयांना २८.१, चिन्यांना २६.९, अरबांना २६.६. आणि दक्षिण आशियाईंना २३.९. म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाला सुमारे ६७ किलो. आपल्या लग्नसमारंभांत अशा माणसाला ‘जरा खात जा’ म्हणून आग्रह होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्यासाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरायचे ठरवले, आणि कंबरेचा घेर पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेनेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची साखर २३ पासूनच तपासावी असे म्हटले, तेव्हा न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्या-पुतण्यांनी डॉक्टरकडे हा आकडा जरूर काढावा. टेलर नावाचे न्यूकॅसलचे एक डॉक्टर तर म्हणतात, समूहाचेही सोडा, प्रत्येक माणसाची स्वतःची मर्यादा असते, ती ओलांडली की त्याचे वजन तक्त्यात कुठेही असो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्या आकड्याच्या सगळीकडे ठळक बातम्या झाल्या. मला त्याच निबंधातले दुसरे दोन आकडे जास्त बोलके वाटले. भारतीय हिशेबाचा खालचा टप्पा लावूनही वजनाने लठ्ठ २८.६ टक्के. कंबरेच्या घेराने लठ्ठ ३९.५ टक्के. शंभरातली किमान दहा-अकरा माणसे अशी, की वजनकाटा ज्यांना ‘ठीक’ म्हणतो आणि टेप म्हणत नाही. आणि टेप स्वस्त आहे. शिंप्याकडे असतो, घरातल्या शिवणाच्या डब्यातही असतो.

या सगळ्यात एक पेच आहे आणि तो सोडवल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. बाळे कमी वजनाची आहेत म्हणून आयांना नुसते जास्त खायला घालावे का? कोठी भरून जास्त उष्मांक दिले तर बारीक-मेदयुक्त बाळ फक्त अधिक मेदयुक्त होईल, ही भीती. पुण्याच्या त्या अभ्यासात बाळाच्या आकाराशी आईच्या एकूण उष्मांकांचा फारसा संबंध दिसला नव्हता. संबंध दिसला तो पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी. पुढे रक्ततपासण्यांतून आणखी कळले. दोन तृतीयांश आयांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले तर ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट जास्त, त्यांच्यात मेद जास्त; आणि फोलेट जास्त पण बी-१२ कमी अशा आयांच्या मुलांत इन्शुलिनचा अडथळा सर्वाधिक. फोलेटच्या, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात सर्रास दिल्या जातात, आणि त्या द्यायलाच हव्यात, मज्जारज्जूचे दोष त्यांनी टळतात. पण बी-१२ दूध, अंडी, मासे, मटण यांतून येते, आणि घरात दूध डेअरीला जाते, उरलेला पेला मुलग्याला आणि नवऱ्याला. सून ताक पिते. लहानपणी आजोळी मी हे रोज पाहिलेले आहे. ताकातही बी-१२ असते, पण पाणी घातलेल्या ताकात किती असणार?

सहा खेड्यांतली ती मुले आता तिशीत आली. अठराव्या वर्षी त्यांना पुन्हा तपासले तेव्हा बहुतेक बारीकच होती, सरासरी बीएमआय विशीच्या आसपास. तरी मुलांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या. ज्यांची साखर सहाव्या वर्षीच थोडी वर होती त्यांचीच अठराव्या वर्षी वर होती. मुलगे दुप्पट का, यावर अनेक तर्क आहेत. मुलींच्या अंगावर त्वचेखाली मेदाला जागा अधिक असते, हा त्यातला एक.

२०१२ पासून या मुलामुलींवर एक प्रयोग सुरू झाला. ती किशोरवयात असतानाच काहींना बी-१२ ची छोटी मात्रा रोज द्यायची, काहींना तिच्यासोबत इतर सूक्ष्म पोषकेही, आणि काहींना नुसती तशी दिसणारी गोळी. विचार असा की दिवस गेल्यावर सुरू केलेले औषध उशिराचे ठरते. आई होणाऱ्या मुलीला आणि बाप होणाऱ्या मुलालाही आधीच गाठावे. मग त्या मुलींची लग्ने झाली, काही आजूबाजूच्या गावांत गेल्या, आणि त्यांना बाळे होऊ लागली. त्या बाळांच्या नाळेतले रक्त घेतले गेले आहे. आणि त्यांच्याही खांद्याच्या पात्याखाली, जिथे १९९० च्या दशकात त्यांच्या आयांच्या पाठीवर कॅलिपर लावला होता त्याच जागी, तो पुन्हा लावून माप लिहून ठेवले आहे.